पिवळा सोडा

मृणाली वहिनींना,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो.

देवेशदादा दारूने गेला आणि तुम्ही गावातल्या बायका गोळा करून आडव्या बाटलीसाठी, म्हणजे दारूबंदीसाठी, मतदान लावलंत. त्याच आठवड्यात बिअर कंपनीचा माणूस माझ्या फ्लेक्सच्या दुकानात आला. बिअरची जाहिरात कायद्याने चालत नाही, म्हणून त्याला सोड्याची हवी होती. "रंग तेवढा पिवळा ठेव. आणि इथलाच कोणीतरी सुखी माणूस दाखव."

मी तुमच्या लग्नातला दादाचा फोटो घेतला. शेजारच्या तुम्हाला कापलं आणि त्याच्या हातात भरलेला ग्लास दिला.

कोन गावापासून कामतघरपर्यंत फ्लेक्सवर दादा हसत होता. बायका म्हणायच्या, "देवेश कसा खुशीत हाय!" तो गेलाय हे जणू कोणाला आठवतच नव्हतं. मतदानात तुम्ही हरलात आणि अकलोलीला माहेरी गेलात.

उतरवलेला एक फ्लेक्स आईने पडवीत बांधलाय. त्या ग्लासातला सोडा रोज बोटभर खाली जातो. उन्हाने रंग उडतो म्हणावं, तर शर्टाचा निळा तसाच आहे.

काल ग्लास रिकामा झाला. आई म्हणाली, "दीपेश, देवेश अजून मागतोय. भर ना रे." दादासाठी बाटली आणायला मला पाठवताना रडायची, तशीच रडली. तेव्हाही मी आणायचोच.

आज नवीन फ्लेक्स छापला. ग्लास काठोकाठ आहे. पण दादा समोर बघत नाही. तुम्हाला जिथून कापलं, तिकडे बघतोय.

तुमचा दीर म्हणवून घ्यायला लाजणारा,
दीपेश