मनगटाचा वेढा

उमेळे,
१० जानेवारी २०२५

प्रिय हिलरीकाका,

जय ख्रिस्त. घरी सगळी बरी असतील. वाडीतल्या पानवेलीला नवा मांडव घातलात म्हणे, काकी सांगत होती. माझा फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र तिच्याच हाती देते. फाडायचं तर वाचून फाडा.

मी ब्रिटनीचं लग्न मोडायला निघालेय, असं तुम्ही गावभर सांगताय. सांगा. मी तिला एवढंच म्हटलं की हृदयाची सोनोग्राफी करून घे, आणि ती माझ्याबरोबर आली. तुमची मुलगी आहे, तशी माझी बहीणही आहे ती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेऊन जाईन.

नाताळात आपण सगळे अंगठा आणि करंगळीने दुसऱ्या हाताच्या मनगटाला वेढा घालायचो. बोटं एकमेकांवर चढली की तुम्ही म्हणायचात, हा खरा आपल्या घरातला. काका, डॉक्टर आजाराची म्हणून हीच खूण बघतात. हृदयातल्या आणि रक्तवाहिन्यांतल्या पेशींना प्रथिनांची जाळी धरून ठेवते, मांडव वेलीला धरतो तशी. प्रयोगशाळेत मी रोज तेच बघते. आपल्या घरात त्यातलं फिब्रिलिन नावाचं प्रथिन नीट बनत नाही. त्याने हाडं लांब वाढतात, आणि हृदयातून निघणारी मोठी धमनी सैल पडून फुगत जाते.

डॅडी केळीचा घड उतरवताना कोसळले, ते कोणाच्या नजरेने नाही. त्यांची धमनी फाटली. ब्रिटनीचीही फुगलीय. तुम्ही म्हणता तसं गपचूप लग्न लावलं आणि तिला दिवस गेले, तर त्या ताणाने धमनी फाटून पोरगी हातची जाईल. तेव्हा कोणाला तोंड दाखवणार आहात?

हे सगळं मला कळलं कसं, ते तुम्ही विचारलंच नाही. आधी माझी तपासणी झाली. बुधवारी माझ्या त्याच धमनीचं ऑपरेशन आहे. भीती वाटते, खूप वाटते. पण लपवणार नाही.

रविवारी चर्चमध्ये ब्रिटनीच्या लग्नाचे पुकार होतील, दोघांची नावं सगळ्यांसमोर वाचली जातील. मी पुढच्या बाकावर गप्प बसेन. तिने काल कॉन्रॅडला स्वतः सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी उपचार. मुलाबाळांचं डॉक्टर सांगतील तसं. लग्न तुझ्याशीच करणार." फादर विचारतील, कोणाची हरकत आहे का. त्याची नाही, माझी नाही. तुमची असेल तर उभे राहा आणि सगळ्यांसमोर सांगा.

तुम्हाला नको असले तरी तुमचीच पुतणी,
क्लारा