डेलसाहेबांचा भोपळा आणि माझी अमेरिका

तीर्थस्वरूप स्तेफामावशीस,

ओस्तापचा वाकून नमस्कार आणि दोन्ही गालांना पापे. तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? इथे परमुलखात, क्राकुवमध्ये आई ठीक आहे. माझ्याशी बोलत नाही, त्यामुळे घरात शांतता आहे.

आधीच सांगून टाकतो, मला अमेरिकेला यायचं नाही. आपल्याकडची यारिना तुझ्या शेजारच्या म्हाताऱ्या डेलसाहेबांच्या माडीवर राहते म्हणून मी इथे झुरतोय, असं कुणी सांगत असेल तर ते साफ खोटं आहे. (निम्मं तरी.)

मावशी, युद्धात मायदेशी आमचं घर पाडलं त्या रॉकेटने एक कागद मागितला नव्हता. आता मात्र ज्या दाराशी जावं तिथे कागद! कॅनडाने जुलैत नवे अर्ज बंद केले, नेमका मी कॉलेज सोडण्यात गुंतलेलो असताना. इंग्लंडला ज्याच्या घरात खोली रिकामी आहे असा यजमान हवा. आणि तुमच्या अमेरिकेला तिथला कुणीतरी हमीदार हवा, याला मी पोसेन म्हणून लिहून देणारा. जसा काही मी बाजारातला बैल! वर गोवराची लस घेतल्याची खात्री द्या. बाँब पडत असताना आईने मांजर आणलं, काकडीच्या लोणच्याची बरणी आणली, लसीचं कार्ड तेवढं राहिलं. मग घ्या पुन्हा टोचून! घेतली. दंड अजून ठणकतोय.

तर रविवारी डेलसाहेबांनी व्हिडिओ कॉल केला. दुसऱ्या दिवशी ते माझ्या हमीचा अर्ज भरणार होते. इथे येऊन काय करणार, असं त्यांनी सहज विचारलं. मी छातीठोक सांगितलं, यारिनाशी लग्न करणार. (यारिनाला अजून विचारलं नव्हतं. म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं होतील.) म्हातारा खो खो हसला आणि आत वळून ओरडला, "अगं यारिना, याच्यासाठी ठेवलाय ना आपण, तो आण बघू!"

आणि यारिना आली. कवेत हा एवढा भोपळा! हसत हसत तो तिने माझ्या तोंडासमोर धरला.

तू आपल्या पोल्टाव्हाची. मागणी घालणाऱ्यापुढे मुलीने भोपळा धरला म्हणजे त्याला नकार देऊन घरी पाठवलं, हे तुला मी काय सांगू? माझ्या मागे आई "अगं बाई!" म्हणून मटकन खालीच बसली. मी ओरडलो, "ठेवा तुमची अमेरिका तुमच्याकडे! थुंकतो मी तुमच्या हमीवर!" एरवी पाव विकत घेताना अडखळणारं माझं इंग्रजी त्या क्षणी नळासारखं वाहिलं. फोन आपटला.

"गाढवा," आई म्हणाली, "तिकडे भुतांचा सण आलाय. दारोदार कोरलेले भोपळे असतात. तुझ्या नावाने कोरायला ठेवला असेल बिचाऱ्याने."

हे मलाही ठाऊक होतं. पण डोकं तापलं की ठाऊक असलेलंच आधी जळून जातं. म्हटलं, "म्हातारा परका आहे, पण यारिना तर आपली ना? तिला कळत नाही?"

"कळतं म्हणूनच हसत होती," आई म्हणाली. तेव्हापासून अबोला.

डेलसाहेबांनी अर्ज भरलेला नाही. न भरोत. असल्या भोपळेबाज देशात पाय ठेवण्यापेक्षा मी इथे आयुष्यभर भांडी घासेन.

तुझा स्वाभिमानी भाचा,
ओस्ताप

ता. क. तुझ्या हातच्या, बटाटा भरून उकडलेल्या वरेनिकी घेऊन आजच्या आज डेलसाहेबांकडे जा. म्हणावं, पोराला लसीचा ताप चढला होता, बरळला. आपल्याकडे भोपळ्याचा अर्थ काय तेही समजाव. थुंकण्याचं मात्र तू काढू नकोस, ते विसरले असतील.

ता. क. दुसरा. आत्ताच यारिनाचा निरोप आला. लिहिते, "भोपळा डेल आजोबांचा होता. मला तू विचारलंस कधी? माझा नकार हवा असेल तर इथे येऊन माग, फोनवर मिळणार नाही." मावशी, नकार घ्यायला तरी मला यायलाच हवं. वरेनिकी जरा जास्तच कर.