शॉकप मी स्वतः बसवले

१ जून, रविवार.
बायकोची, चंद्रिकाची, बदली आंदर मावळातल्या शाळेत. सोळाला हजर व्हायचं. एसटी दिवसातून दोन, त्यातली एक मनात आलं तर. मीच मोटरसायकल चालवत जाईन म्हणाली. खूप हसलो. रोज मी सोडणार. शब्द दिला! त्या रस्त्यावर आमच्या गाडीचे धक्के खाणारे शॉकप टिकायचे नाहीत, इंजिनही धूर मारतंय. नवे शॉकप, नवा पिस्टन. सगळं मी स्वतः. कामशेतचा गोरख मेकॅनिक म्हणाला, दोन दिवसांत करून देतो. दोन दिवसांत काय डोंबलाचं काम होणार? मी सात व्हिडिओ पाहिलेत.

४ जून. सकाळी ७.
इंजिन खोललं. सुटे भाग चिक्कीच्या रिकाम्या खोक्यांत. लोणावळ्यात खोक्यांना तोटा नाही. वर नावं लिहायला चंद्रिकानं पेन दिलं. परत केलं. सगळं डोक्यात आहे.

७ जून, शनिवार.
मागचे शॉकप बसवले. उलटे बसले. पुन्हा बसवले. दोन बोल्ट उरले. कंपनी जास्तीचे देत असावी. चंद्रिका गाडीच्या सरावाबद्दल पुन्हा बोलली. विश्वास म्हणून नाही या बाईचा.

९ जून.
नवा पिस्टन आला, रिंगांसकट. स्वच्छ खोक्यात ठेवला. मग जीपनं तिच्या शाळेत जाऊन हेडमास्तर सखाराम सरांना भेटलो. ओळख असलेली बरी. लोणावळ्याचा माणूस रिकाम्या हातानं जात नाही, अर्धा किलो चिक्की दिली. म्हणाले, बाईंची काळजी न्हाई, पर येनार कशा? म्हटलं, मी आहे ना.

११ जून.
पिस्टन गायब. रिंगाही. घरात चोरी! शेजारच्या धवलवर संशय आहे. फ्रिजवर मात्र चिक्कीचा भरलेला खोका सापडला. खाल्ली. बरी आहे.

१२ जून.
सखाराम सरांचा चंद्रिकाला फोन. सगळ्या मास्तरांसमोर खोका उघडला म्हणे. बाई, तुमच्याकडची चिक्की लय कडक हाय, म्हणाले. पिस्टन दूधवाल्याबरोबर पाठवतायत. चंद्रिका मग हसत हसत अंगणात निघून गेली. लाज वाटली. पण पिस्टन सापडला हे कुणी लक्षातच घेत नाही.

१४ जून, शनिवार.
जोडणी पूर्ण. गाडीपुढे नारळ वाढवला, पहिल्या फटक्यात फुटला. गाडी अठराव्या किकला सुरू. धूर इतका, की धवलच्या आईनं वाळत घातलेले कपडे आत नेले. चंद्रिकानं गोरखला बोलावलं. तो म्हणाला, भाऊ, रिंगा उलट्या टाकल्यात तुमी, आन शॉकपचं दोन बोल्ट कुटं गेलं? गाडी टेम्पोत घालून नेली. मी अडवलं नाही. किरकोळच काम उरलं होतं.

१६ जून. सकाळी ६.
गाडी कालच आली. इंजिन झकास, माझा पायाच भक्कम होता. हेल्मेट घालून उभा राहिलो. चंद्रिकानं किल्ली मागितली. तिनं पंधरा दिवस भाजे गावच्या माळावर गोरखच्या बायकोच्या, प्रतीक्षाच्या, गाडीवर सराव केलाय. लायसन्स लग्नाआधीचंच. कधी बोलली नाही. मी तरी कुठं विचारलं! निदान मागे बसतो म्हटलं. तर गोरखनं शॉकप तिच्या एकटीच्या वजनावर लावलेत. मागं कुनी बसनार न्हाई असं बाईच म्हनाल्या, हे त्यानं फोनवर सांगितलं.
गेली.

संध्याकाळी.
आली. खुशीत आहे. उद्यापासून मला कामाच्या लोकलसाठी स्टेशनवर सोडणार. तेवढ्यापुरतं माझं वजन चालेल का, हे तिनं गोरखला विचारून घेतलंय. सव्वासहाला तयार राहायला सांगितलंय.