पॅकिंगच्या स्क्रीनवरचं घड्याळ

३ मार्च २००३, सोमवार
भर हॉलमध्ये अपमान! बिस्किटांच्या पॅकिंग लाइनला नवा टचस्क्रीन बसलाय. त्याच्या कोपऱ्यात घड्याळ. आजपासून हजेरी त्यावर. मी शिरतो तोच प्रज्ञेश ओरडला, हिंदुराव काका, आठ चार! वय चोवीस, नोकरीला तीन महिने, आणि मला काका म्हणतो. सुपरवायझर पूर्णिमा मॅडम म्हणाल्या, आजचं सोडते, पुन्हा उशीर झाला तर लाल शाई. बावीस वर्षांत एक लेटमार्क नाही माझा! (आधी सोनबा वॉचमन वहीत मलाच वेळ विचारून लिहायचा.) एक मे रोजी त्याबद्दलच माझा सत्कार आहे. बघून घेईन लेकाला.

४ मार्च
माझं घड्याळ कायम दहा मिनिटं पुढे. म्हणून मी कधी घाई करत नाही. त्यात आठ दहा झाले तरी खरे आठच. याला म्हणतात शिस्त.

५ मार्च
योजना तयार. स्क्रीनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करायचं. प्रज्ञेश कात्रजहून बसने सात छपन्नला येतो, म्हणजे आठ सहा! लाल शाई! बायकोला सांगितलं. ललिता म्हणाली, त्या पोराने तुमचं काय घोडं मारलंय? बायकांना तत्त्व कळत नाही.

६ मार्च
स्क्रीनवर ज्याचा त्याचा गुप्त नंबर टाकावा लागतो. माझ्या नंबराने घड्याळ उघडतच नाही. चुकून भलतंच बटण दाबलं, स्क्रीन काळीठिक्कर. लाइन बंद. प्रज्ञेशने अर्ध्या मिनिटात सुरू केली. होतं असं काका, म्हणाला. वर गोड बोलतो! त्याचा नंबर मात्र बघून ठेवला. १२३४. एवढा शिकून हा नंबर!

८ मार्च, शनिवार, संध्याकाळी ५.२०
फत्ते! सगळे हात धुवायला गेल्यावर केलं. लाइनवरच्या नंदाने बघितलं. सर्व्हिसिंग, असं ठणकावून सांगितलं. आता रविवारभर मजा.

१० मार्च, सोमवार, दुपार
बिबवेवाडीहून आरामात निघालो. पोचलो तेव्हा मनगटावर आठ आठ. म्हणजे खरे सात अठ्ठावन्न. आयुष्यात इतका वेळेवर कधी गेलो नव्हतो. स्क्रीनवरही आठ आठ. समोर मॅडम, हातात लाल पेन. आणि प्रज्ञेश? मशीन साफ करायला सात वाजताच हजर!
घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, मी ओरडलो. मॅडमनी विचारलं, तुम्हाला काय माहीत? नंदा खाली बघत खोकली.
प्रज्ञेशने स्क्रीनवर यादी काढली. कुणी, कधी, काय बदललं, सगळं तिथे लिहिलेलं असतं म्हणे. हे आधी सांगायला काय झालं होतं? शनिवार, पाच अठरा, वेळ बदलली, नाव प्रज्ञेश. त्याने यादी वाचली. मग माझ्याकडे बघितलं. मग मॅडमना म्हणाला, माझ्याकडूनच चूक झाली.
माझा लेटमार्क रद्द. त्याला मेमो.

संध्याकाळ
निघताना हळूच म्हणाला, काका, नंबर बदललाय. घड्याळाचं काही असेल तर मला सांगा, मी लावून देईन.
सूड ठरवल्याप्रमाणे पुरा झाला. सत्कारही पक्का. डबा तसाच परत आणलाय, ललिता कारण विचारतेय.