माझ्या अंगात देव येतो म्हणे

बारामती,
ऑक्टोबर १९३४

प्रिय आक्का,

तू रंगूबाईबरोबर लाडू पाठवलेस आणि वर निरोप, "डाक्टर झालास, आता समाधानी हाईस न्हवं?" लाडू पोचले. बाकीचं काय सांगू? परीक्षा पास झालो म्हणजे डॉक्टर झालो, असं तुम्हा लासुर्णेकरांना वाटतं. इथं दत्तोबा डॉक्टरांकडे वर्षभर उमेदवारी करायची, त्यांची बोलणी खायची आणि त्यांनी चांगला शेरा दिला तरच पुढे स्वतःची पाटी लावायची. त्यांचा पहिला नियम असा, की डॉक्टर आजारी पडलेला लोकांना दिसता कामा नये. दिसला की गाशा गुंडाळायचा. आणि लोक तर मला अजून डॉक्टर धरतच नाहीत. मी नाडी बघायला लागलो की यांची मान आतल्या खोलीकडे, "थोरलं डाक्टर कुठं हायती?"

यंदा पाटाच्या पट्ट्यात घरोघर हिवताप आहे. कोयनेल घ्या, कोयनेल घ्या, म्हणून मी घसा फोडतो. लोक पुडी मुकाट्यानं घेतात आणि बाहेर पडताच कुंपणात टाकतात. कडू लागतं म्हणे! मग काय साखरेचा पाक देऊ?

पुढे तो ताप मलाच आला. आता तू मला बोलशील, पण मीही कोयनेल चुकवत होतो. ते घेतलं की कान वाजतात, आणि कान वाजले की नळीतून छातीचे ठोके नीट ऐकू येत नाहीत. रोग्याला काय सांगू, तुझी छाती परवा ऐकतो? म्हणून एकाआड एक दिवस, दुपारी थंडी भरली की मी मागच्या खोलीत घोंगडी ओढून पडायचो आणि आमचा कंपाउंडर जोतीराम बाहेर सांगायचा, "डाक्टर पूजेला बसल्यात." त्या शहाण्याला दुसरं काही सुचलंच नाही.

एकदा झाडलोट करणाऱ्या सारजानं दार ढकललं. मी लटलट कापतोय, दात वाजताहेत, तोंडानं हूं हूं चाललंय. ती तशीच रस्त्यावर धावली, "अवो, धाकल्या डाक्टरच्या अंगात आलंय! नरसिंहपूरचा देव आलाय!" झालं! पुढच्या खेपेला ओटा माणसांनी भरला. आक्का, मला हरवलेली म्हैस कुठं आहे ते विचारतात! सुनेला मूल कधी होईल ते विचारतात! एक म्हातारा तर माझ्या उशाशी नारळ फोडायला निघाला.

माझं डोकंच फिरलं. दातावर दात आपटत मी ओरडलो, "कोयनेल घ्या, मूर्खांनो!" आणि घेतलं गं त्यांनी! डोळ्यांना लावून, तीर्थासारखं, तोंड वाकडं न करता. आता कुंपणात एक पुडी सापडत नाही. मग पुण्यात इतकी वर्षं डोळे फोडून मी शिकलो ते कशाला? मला वाटलं, दत्तोबा डॉक्टर आता हाकलणार. ते मिशीत हसले आणि म्हणाले, "चालू दे. औषध पोटात जातंय ना?" जोतीरामाची तर मजल अशी, की मलाच विचारतो, "देवाचा पुढचा वार कंचा? मंडळींना सांगाय पायजे."

आक्का, तुला हसू यावं म्हणून हे सगळं लिहिलं. तू हसलीस की पुढचं लिहायला मला धीर येईल, असंही वाटलं. ताप आता एकाआड राहिला नाही, रोज येतो. उठताना भिंत धरावी लागते. दत्तोबा डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. काल ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. एकेक जण आत येऊन माझ्या पाया पडून गेला. पण माझ्या कपाळाला हात कुणी लावला नाही. दाजींना काहीही सांग, पण पत्र मिळताच पहिल्या मोटारीनं तू ये.

तुझाच,
सोपान