हिरीने आणलेली नागली

वांगणीजवळचं उपकेंद्र,
१९ नोव्हेंबर १९९८

प्रिय हर्षदा,

अक्षर वाकडं येतंय, हसू नकोस. कागद धरायला डावा हात मोकळा नाही.

जव्हारच्या वसतिगृहात माझ्याशेजारी झोपणारी तू पुण्याला जाऊन जंतूंच्या मागे लागलीस, याची मी किती टिंगल केली. दिवाळीत तू वहीच्या पानावर घटसर्पाचा जंतू काढून दाखवलास. तो घशातच बसतो, पण आत एक प्रथिन बनवतो आणि स्वतःच्या भिंतीतल्या दारातून बाहेर ढकलतो. तेच विष रक्तातून हृदयापर्यंत जातं. दार बंद करता आलं तर जंतू असून नसल्यासारखा, म्हणालीस. एका दारासाठी पाच वर्षं घालवणारी बाई, असं मी तुला चिडवलं.

पंधरा दिवसांत तो मी नर्स आहे त्याच पाड्यावर आला. रामीच्या आठ वर्षांच्या हिरीला. घर दरवर्षी वीटभट्टीवर जायचं, तिच्या लशी राहून गेल्या. घशात करडा पडदा धरला होता. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पण विषावरचं औषध यायला तीन दिवस लागले. पडदा गेला, ताप गेला, हिरी भाकर मागायला लागली. महिनाभर तिला पळू देऊ नका, डॉक्टरांनी मला बजावलं होतं. मी रामीला काय सांगितलं? बरी झाली, घेऊन जा. मलाच इतका आनंद झाला होता की पुढचं सांगायचं राहिलं. जंतू मेला तरी त्यानं आधीच बाहेर टाकलेलं विष आपलं काम करत राहतं, हे तुझ्याकडून ऐकूनही.

आज दुपारी दोघी टेकडी चढून आल्या. हिरीच्या डोक्यावर नव्या नागलीच्या दाण्यांची टोपली, माझ्यासाठी. तुनी तिचा जीव वाचवला, मंग तिनीच आणाय पाहिजे, रामी हसत म्हणाली. टोपली उतरवताना हिरी खाली बसली. ओठ पांढरे. नाडी धरली तर दोन ठोके पडतात, एक चुकतो.

जीप आणायला माणूस गेलाय. तोवर तिला आडवं ठेवायचं, हलू द्यायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे. हृदयात शिरलेलं विष काढता येत नाही, हे तूच सांगितलंस, म्हणून तुला काही विचारत नाही. मला फार भीती वाटतेय, हर्षदा. माझी बोटं तिच्या मनगटावर आहेत आणि ती माझ्या तोंडाकडे बघत पडलीय. माझी भीती तिला दिसू नये म्हणून मी कागदाकडे बघत लिहितेय. काय लिहितेस, तिनं विचारलं. तू आणलेल्या नागलीचं, मी म्हटलं. जीपचा आवाज येईपर्यंत मला लिहीतच राहायचंय.

तुझीच,
नीता