अर्धा सूर खाली

१५ नोव्हेंबर १९७९, गुरुवार

आज ऑपेराप्रेमींच्या मंडळात पुन्हा माझी त्या थोर गायकाची, झान्फ्रीनीची तबकडी लावली. १९०७ ची. शेवटच्या अंकातलं गाणं आणि त्यातला तो वरचा सूर — अहाहा! असा गळा पुन्हा होणे नाही. बिक्सिओ नाक शिंकरत म्हणाला, "नुल्लो, हल्लीचे गातात की ओरडतात रे?" मी म्हटलं, ओरडायलाही छातीत दम लागतो! सगळे हसले. अख्ख्या पार्मात जुनं गाणं कळणारे आम्ही सातजण उरलोय. घरी येऊन एकट्याने सूप प्यायलो.

१७ नोव्हेंबर

माझ्या बायकोला, आल्बाला जाऊन चार वर्षं झाली. पोराचं दोन ओळींचं पत्रसुद्धा नाही. येणार कुठून!

२२ नोव्हेंबर, गुरुवार

सत्यानाश झाला.

मंडळात नवा माणूस आलाय, लेआर्को. जन्मभर पियानो सुरात लावले त्याने. मी तबकडी लावली. सुरुवातीला कुणीतरी पिपाणी फुंकतं, ती टाळून नेहमीसारखी सुई पुढे ठेवली. हा उठला. "थांबा हो. ती पिपाणी का टाळता?"

"गाणं ऐकायला आलोय, पिपाणी नाही!"

"अहो, ती मुद्दाम फुंकलीय. तेव्हा तबकड्या भरणाऱ्या यंत्रांचा वेग एकसारखा नसायचा. पिपाणीचा 'ला' सूर जुळला की वेग बरोबर."

खिशातून नादकाटा काढून गुडघ्यावर आपटला. पिपाणी अर्धा सूर चढी निघाली. त्याने ग्रामोफोनची वेगाची तरफ जराशी खाली ओढली. पिपाणी जुळली. मग झान्फ्रीनी गायला — सावकाश, भरदार, अर्धा सूर खाली.

"म्हणजे झान्फ्रीनीनेही गाणं खाली उतरवूनच म्हटलंय की!" बिक्सिओ बोलून गेला. मग माझ्याकडे बघून घाईघाईने नाक शिंकरायला लागला.

२३ नोव्हेंबर

लिहून टाकतो. इथे कोण वाचतंय!

१९६१. कोर्रादो, माझा एकुलता एक, आमच्याच थिएटरात पहिल्यांदा गायला. हेच गाणं. मी वर गॅलरीत, माझ्या नेहमीच्या जागी. पहिल्याच ओळीला कळलं, गाणं अर्धा सूर खाली उतरवलंय. वरचा सूर सोपा जावा म्हणून! लबाडी! सगळी गॅलरी माझ्या तोंडाकडे बघत होती. शिट्टी मारून गायकाला हाकलायचं की नाही, हे तिथे वर्षानुवर्षं मीच ठरवायचो. पोटच्या पोराला सोडलं तर उद्या कुणाला बोलणार? मारली शिट्टी. मग सगळ्यांनी मारली. पोरगा मध्येच थांबला. पडदा पडला.

आल्बा म्हणाली होती, "कान आहेत तुला, काळीज नाही." कोर्रादो आर्जेंटिनाला गेला. तिथे शाळेत पोरांना गाणं शिकवतो म्हणे. स्वतः पुन्हा स्टेजवर चढला नाही.

अठरा वर्षं एकच आधार होता मला: वाईट वागलो असेन, पण खोटा नव्हतो. तोही गेला.

२९ नोव्हेंबर, गुरुवार

मंडळात गेलो नाही. बिक्सिओ दारावर थापा मारत होता. "उघड रे म्हाताऱ्या! मीसुद्धा मारली होती शिट्टी!" नाही उघडलं.

३ डिसेंबर

तबकडी फोडायला हातात घेतली. फोडवली नाही. झान्फ्रीनी बिचाऱ्याने काय केलं? तो खरंच गायला होता. वेडावाकडा पळवला मी त्याला.

८ डिसेंबर

कोर्रादोला पत्र लिहिलं. चार फाडली, पाचवं टपालात टाकलं. पिपाणी, तरफ, सगळं लिहिलं. माफी हा शब्द लिहायला जमेना, शेवटी तोच सगळ्यात मोठ्या अक्षरात लिहिला.

२५ डिसेंबर

बिक्सिओच्या सुनेने नाताळच्या डबाभर आनोलिनी पाठवल्या, सारण भरलेल्या, रश्श्यासकट. तशाच पडल्यात. नातेवाईक नाहीत, भूक नाही. पेटीतून पत्रं आणायला खाली चारदा गेलो. नाताळच्या दिवशी टपाल येत नाही, हेही विसरलो!

१० जानेवारी १९८०

आता येणार नाही. आलं तरी काय असणार त्यात? शिव्याच. चालतील, त्याच्या हातच्या असू देत.

१४ जानेवारी

आलं.

"बाबा, पिपाणीचं मला चौदाव्या वर्षापासून ठाऊक आहे. तुम्ही कामावर गेलात की मी तरफ खाली ओढून ऐकायचो. त्या दिवशी मी तुमच्या झान्फ्रीनीच्याच सुरात गायलो, तुमच्यासाठी. वाटलं होतं, गॅलरीत बाकी कुणी नाही तरी तुम्ही ओळखाल."